रस्त्याचे भाडे कोणी द्यायचे?



या व्यासपीठावर उभे राहण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. चिटणिसांचे पत्र हाती पडले त्या दिवसापासून तो आमच्याही मनात आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांवर. इंग्रजी अहवाल आम्ही अजूनही शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. तेव्हा अर्थशास्त्र्याच्या थाटाने काही सांगणे आम्हांला जमणार नाही. परंतु आजचा विषयच असा आहे की तो केवळ अर्थशास्त्र्यांच्या हाती सोपवून चालणार नाही. शहराच्या गर्दीच्या भागात, गर्दीच्या वेळी, मोटार घेऊन शिरायचे असेल तर त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत की नाही? लंडन, स्टॉकहोम, न्यूयॉर्क या शहरांनी यावर रणे माजवली. आपल्याकडेही गर्दीशुल्क, कोंडीकर असे शब्द अधूनमधून कानांवर पडू लागले आहेत. आणि आपण तर ठाणेकर! मुलुंडच्या आनंदनगर नाक्याने आपल्या आयुष्यातले किती तास खाल्ले, याचा हिशेब येथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी असेल.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ केला आणि त्याच मध्यरात्रीपासून तो बंद झाला. त्या दिवशी आम्ही युनियनच्या कचेरीत पेढे वाटले. निवडणूक तोंडावर होती हे आम्हांला कळत होते, तरी पेढा गोडच लागला. आणि त्यात आमचे चुकले असे आजही वाटत नाही. तो टोल होता मुंबईत बांधलेल्या पंचावन्न उड्डाणपुलांच्या खर्चासाठी. पूल मुंबईत, पैसे मोजायचे ठाण्याच्या, ऐरोलीच्या, वाशीच्या आणि दहिसरपलीकडच्या माणसाने. मुलुंडचा गृहस्थ रोज मोटार काढून दादरला जाई, वाटेतले सारे पूल ओलांडी, त्याला दमडी पडत नसे. घर नाक्याच्या अलीकडे असले तर पंचेचाळीस रुपये, पलीकडे असले तर शून्य! शिवाय गर्दी कमी करणे हा त्या टोलाचा हेतूच नव्हता. सकाळी नऊला आणि रात्री दोनला दर एकच. उलट, नसलेली गर्दी नाक्यावर उभी करण्याचे काम तो इमानाने करीत असे.

पेढे संपले. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. टोलमाफीत एस.टी.च्या गाड्याही होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोलाचे खाते वेगळे, एस.टी.चे वेगळे, बेस्टचे आणखी वेगळे, हेही खरे. पण आमच्या बैठकीत एक बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, मोटारवाल्याचं तिकीट माफ झालं, माझं डबल झालं. मग तुम्ही पेढे कशाचे वाटले?"

या बाईंची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या अंधेरीच्या बाजूला कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात काम करतात, राहतात कळव्याला. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून बस. ही बस पवईच्या अलीकडे जी एकदा अडकते ती अडकते. कारखान्याचा नियम असा होता की दहा मिनिटे उशीर झाला की लेटमार्क, आणि तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला. एका पावसाळ्यात त्यांचे महिन्याला दोनदोन अर्धे दिवस कापले गेले. आम्ही भांडायला गेलो. मॅनेजरसाहेब स्वतःच पाऊण तास उशिरा आले आणि आल्या आल्या म्हणाले, "काय ट्रॅफिक हो! आम्हीही त्याच रस्त्यात अडकलो होतो." आम्ही विचारले, "साहेब, आपला किती पगार कापला जाणार?" ते हसले. माणूस वाईट नव्हता. पुढे नियम थोडा सैल झाला. पण त्या दिवशी परत येताना आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. रस्त्याचे भाडे आजही वसूल होतच आहे. नाका नाही, पावती नाही, पण वसुली चालू आहे. ती रुपयांत नव्हे तर तासांत होते, आणि ज्याचे तास मालकाच्या घड्याळाला बांधलेले आहेत त्याच्या खिशातून ती शेवटी रुपयांतही जाते. साहेबांच्या मोटारीत एक माणूस होता. बाईंच्या बसमध्ये बसलेले आणि उभे मिळून साठ. दोघांनाही कोंडीत थांबायचे ते सारखेच.

हीच गोष्ट विल्यम विक्री नावाच्या एका प्राध्यापकाने फार पूर्वी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली होती, हे आम्हांला नंतर कळले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हे गृहस्थ. गजबजलेल्या रस्त्यावर जो मोटार घालतो तो स्वतःचा वेळ तर घालवतोच, पण मागच्या प्रत्येकाचा थोडाथोडा वेळही खातो, आणि त्या वेळेची किंमत त्याला कोणी लावीत नाही, असे त्यांचे म्हणणे. १९५९ साली त्यांनी वॉशिंग्टन शहरासाठी गर्दीच्या वेळी मोटारींना शुल्क लावण्याची योजना मांडली. कोणी ऐकले नाही. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत ते वारले.

आता कोणी म्हणेल, शुल्क लावून गाड्या अशा किती कमी होणार? निम्म्या थोड्याच होतील! पण निम्म्या व्हायची गरजच नसते. मे महिन्यात शाळा बंद असतात तेव्हा आपला घोडबंदर रोड कसा वाटतो ते आठवा. गाड्या निम्म्या झालेल्या नसतात. दहांतली एखाददुसरी कमी झालेली असते. तरी बस सुटते. तुडुंब भरलेल्या रस्त्यावर शेवटची थोडी वाहनेच सारी अडवणूक करतात. तेवढी वेळ बदलून गेली, किंवा त्यातली माणसे बसमध्ये बसली, तर बाकीच्यांचा मार्ग मोकळा होतो.

हे प्रथम करून दाखविले सिंगापूरने. २ जून १९७५ पासून सकाळच्या वेळी शहराच्या मध्यभागात मोटार न्यायची तर तीन डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावावा लागे. मोटारीत चार माणसे असली तर माफी. सकाळच्या गाड्या चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या. अपेक्षा होती त्याहूनही जास्त. पण तेथे लोकांना आधी विचारण्याचा प्रश्न नव्हता. आम्हांला ज्या शहरांत वाद झाला त्यांच्याविषयी अधिक बोलायचे आहे.

लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ रोजी सुरुवात झाली. केन लिव्हिंगस्टन तेव्हा महापौर होते. दिवसाला पाच पौंड. नाका नाही, दांडी नाही. कॅमेरे गाडीचा नंबर वाचतात आणि ज्याने पैसे भरले नसतील त्याला दंडाची चिठ्ठी घरी जाते. वेस्टमिन्स्टरची नगरसभा त्याआधीच न्यायालयात जाऊन हरली होती. वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली की शहर ठप्प होणार, दुकाने बुडणार, गरीब मरणार. गरिबांचा कळवळा अशा वेळी फार लोकांना येतो, हा आमचा युनियनमधला जुना अनुभव आहे. वस्तुस्थिती अशी होती की मध्य लंडनमध्ये सकाळी कामावर येणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक लोक तेव्हाही आगगाडीने, भुयारी रेल्वेने आणि बसनेच येत होते. पहिल्या वर्षात हद्दीत शिरणारी वाहने सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाली आणि कोंडीतला खोळंबा सुमारे ३० टक्क्यांनी. याचे कारण शुल्क, हे खरे, पण अर्धेच. त्याच सुमारास तेथे सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या गेल्या. ज्याला मोटार घरी ठेवायची होती त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी थांब्यावर बस उभी होती. शुल्काच्या वेळात बसने हद्दीत येणाऱ्यांची संख्या पहिल्याच वर्षी एक तृतीयांशाहून अधिक वाढली. आणि १९९९ च्या ज्या कायद्याने महापौराला हा अधिकार दिला त्याच कायद्याने असेही बांधून घेतले की हा पैसा वाहतुकीवरच खर्च व्हावा. हे कलम आम्ही शब्दकोश घेऊन दोनदा वाचले, कारण आपल्याकडे एका खात्यासाठी जमविलेला पैसा दुसऱ्या खात्यात कसा विरघळतो हे सांगायला नको.

एवढे सांगून आम्ही थांबलो तर ती फसवणूक होईल. लंडनमधली कोंडी चारपाच वर्षांत पुन्हा जवळपास पूर्वीइतकी झाली. वाहने कमीच राहिली, पण रस्ते नळांसाठी आणि गॅसच्या वाहिन्यांसाठी खणले गेले, काही जागा पादचाऱ्यांना आणि बसना दिली गेली, आणि भाड्याच्या खाजगी मोटारींना शुल्क माफ असल्यामुळे पुढे त्यांचा सुळसुळाट झाला. २००७ मध्ये पश्चिमेकडे हद्द वाढविली ती पुढच्या महापौरांनी २०१० च्या अखेरीस मागे घेतली. दर मात्र चढत गेला. पाचाचे आठ, आठाचे दहा, २०२० मध्ये पंधरा आणि जानेवारी २०२६ पासून अठरा पौंड. एकदा नाका बसला की दर वाढतो, ही सामान्य माणसाची भीती अगदीच अडाणी नाही.

आणि एक गोष्ट आमच्या व्यवसायाची. एप्रिल २०१९ मध्ये लंडनने भाड्याच्या खाजगी मोटारींची माफी काढली. मूळच्या काळ्या टॅक्सींची मात्र ठेवली. या खाजगी मोटारी चालविणारे बहुतेक आशियाई आणि आफ्रिकी वंशाचे स्थलांतरित, टॅक्सीवाले बहुतेक गोरे. तिथल्या एका कामगार युनियनने हा भेदभाव आहे म्हणून उच्च न्यायालयात दावा केला. जुलै २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. शुल्क कागदावर मोटारीला असते. ते अखेरीस कोणाच्या ताटातून जाते हे कागद सांगत नाही. कंपनीने भरले, गिऱ्हाईकाने भरले, की सुकाणू धरणाऱ्याने भरले? आमचे निम्मे सभासद सुकाणू धरणारे आहेत, म्हणून हा प्रश्न आम्हांला झोपू देत नाही.

ब्रिटनमध्येच आणखी दोन शहरांनी लोकमत घेतले. एडिंबरोत फेब्रुवारी २००५ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मते विरुद्ध पडली. मँचेस्टरमध्ये डिसेंबर २००८ मध्ये ७९ टक्के. मँचेस्टरकरांना सांगितले होते की 'हो' म्हणा, म्हणजे वाहतूक सुधारण्यासाठी अब्जावधी पौंड येतील. लोकांनी विचार केला असावा की कर नक्की आहे, सुधारणा कागदावर आहे. आमच्या गेटसभेतही असाच निकाल लागला असता. मालक जेव्हा म्हणतो, "आधी उत्पादन वाढवा, मग बोनसचे बघू," तेव्हा काय होते ते आम्हांला पाठ आहे.

स्टॉकहोमने उलटे केले, आणि आमच्या मते साऱ्या वादाची किल्ली येथे आहे. तेथे ऑगस्ट २००५ मध्ये प्रथम जादा बस आल्या, सुमारे दोनशे, नव्या मार्गांसह. शुल्क नंतर, ३ जानेवारी २००६ पासून, आणि तेही फक्त सात महिन्यांच्या प्रयोगासाठी. सुरुवातीला बहुमत विरुद्धच होते. हद्द ओलांडणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. ३१ जुलैला प्रयोग थांबविला. लोकांनी शुल्क नसलेले शहर पाहिले होते, शुल्क असलेले पाहिले, आणि पुन्हा शुल्क नसलेले पाहिले. मग १७ सप्टेंबरला त्यांना विचारले. शहरातल्या मतदारांनी थोड्या बहुमताने 'हो' म्हटले. १ ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले आणि नंतर लोकांचा पाठिंबा वाढतच गेला. माणसाला पुढच्या सुखाचे चित्र दाखविणे वेगळे आणि त्या सुखात सात महिने बसवून मग मत विचारणे वेगळे. पहिल्यात भाषणबाजी चालते, दुसऱ्यात चालत नाही.

पण येथेही ठाणेकराने कान टवकारावेत असे काही आहे. भोवतालच्या अनेक गावांनी आपापले वेगळे मतदान घेतले आणि त्यांचा कौल बहुतांशी 'नाही' असा आला. तो मोजणीत धरला गेला नाही. शिवाय नव्या सरकारने ठरविले की जमणारा पैसा नव्या रस्त्यांच्या बांधणीकडे जाईल! बाहेरगावच्या माणसाने शहराच्या दारात पैसे द्यायचे, आणि कशासाठी याचा निर्णय त्याला न विचारता व्हायचा. आनंदनगर नाक्याची चव ओळखीची वाटली ना?

न्यूयॉर्कचे उदाहरण अगदी अलीकडचे. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेस शिरणाऱ्या मोटारीला दिवसा नऊ डॉलर. मुळात पंधरा ठरले होते, ते जून २०२४ च्या अखेरीस सुरू व्हायचे होते. गव्हर्नरबाईंनी आदल्या काही आठवड्यांत स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये दर उतरवून उठविली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने मान्यता काढून घेतली, प्रकरण न्यायालयात गेले, वसुली चालू राहिली. तिथल्या परिवहन प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या वर्षी शिरणारी वाहने सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाली. पैसा भुयारी रेल्वेच्या दुरुस्तीला बांधला आहे. कमी उत्पन्नाच्या माणसाला महिन्यातल्या पहिल्या दहा फेऱ्यांनंतर निम्मा दर आहे. ही सोय आम्हांला विशेष वाटली.

परंतु आमचे लक्ष तेथील युनियनांकडे होते. शिक्षकांच्या मोठ्या युनियनने शुल्काविरुद्ध दावा लावला, कारण त्यांचे अनेक सभासद दूरच्या भागांतून मोटारीने शाळेत येतात. वाहतूक कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष जॉन सॅम्युअलसन दर ठरविणाऱ्या समितीत होते. ते बाहेर पडले. म्हणणे असे की आधी बससेवा वाढवा, मग लोकांकडे पैसे मागा. म्हणजे एकाच शहरात, कामगारांच्याच दोन संघटना. एकीला कर नको, दुसरीला करापूर्वी बस हवी. आम्ही दुसरीच्या बाजूचे. पण पहिलीला शत्रू म्हणणार नाही. पहाटे पाचला घर सोडणारी शिक्षिका काही चैनीसाठी मोटार काढत नाही.

आता घरी येऊ. उद्या सकाळी कोणी मुंबईत असे शुल्क लावतो म्हणाला तर आमची युनियन त्याविरुद्ध रस्त्यावर उतरेल, हे स्पष्ट सांगतो. पेढे वाटणारी युनियन म्हणून नव्हे. कारण उलट्या क्रमाने काम चालले आहे. बेस्टची पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. पंधराएक वर्षांपूर्वी या बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आज कंत्राटदारांच्या धरूनही तीन हजारांच्या आत आहेत. स्वतःच्या गाड्या भंगारात गेल्या आणि जागी आल्या त्या भाड्याच्या. या भाड्याच्या गाड्यांवरील चालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये पगारासाठी संप केला तेव्हा थांब्याथांब्यावर लोक ताटकळले. एकाच रस्त्यावर, एकाच रंगाच्या दोन बस, एकीच्या चालकाला कायम नोकरी, दुसरीच्याला कंत्राट! लंडनने शुल्काच्या दिवशी तीनशे बस वाढविल्या. आपण हजाराहून अधिक कमी करून बसलो आहोत. या स्थितीत मोटारवाल्याला "बसने जा" म्हणणे म्हणजे थट्टा आहे, आणि बसमधल्या माणसाला "आणखी शंभरजण येताहेत, सरकून घ्या" म्हणणे हा अन्याय आहे. लोकलविषयी तर बोलायलाच नको.

मग आम्ही शुल्काच्या विरुद्ध आहोत का? नाही. येथेच आमच्या काही मित्रांचा आमच्यावर राग आहे. ते म्हणतात, कामगारांच्या पुढाऱ्याने कोणत्याही नव्या कराला विरोधच केला पाहिजे. आम्ही म्हणतो, कळव्याच्या त्या बाईंचा अर्धा दिवस कापला जातो तो करच आहे, आणि त्याला विरोध करण्याचा मार्ग रस्ता मोकळा करण्याशिवाय दुसरा नाही. आणखी पूल बांधून पाहिले. पंचावन्न बांधले, त्यांच्यावरही गाड्या तुंबल्या. तेव्हा स्टॉकहोमसारखी आधी बस येऊ द्या, पुरत्या गाड्यांनिशी, पुरत्या पगाराच्या चालकांनिशी, आणि तिच्यासाठी रस्त्याची एक बाजू राखून. सहा महिने ती धावू द्या. मग थोड्या काळासाठी शुल्क लावा, ते महापालिकेच्या वेशीवर नव्हे. मुलुंड-ठाण्याच्या मधली रेघ ही कोंडीची रेघ नाही, ती कागदावरची रेघ आहे. कोंडी वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, अंधेरीत आहे, फोर्टात आहे. रेघ तिच्याभोवती, तिच्या वेळेपुरती काढा, म्हणजे कफ परेडचा माणूसही ती ओलांडताना तेवढेच देईल जेवढे ठाण्याचा. पैसा कायद्याने बससाठी बांधा, आणि त्यात ठाण्याच्या, नवी मुंबईच्या, कल्याणच्या परिवहन सेवांचा वाटा आधी लिहून द्या. आणि अखेरीस विचारा. पण विचारताना वेशीबाहेरच्यांचीही मते मोजा.

दुचाकीचे काय, असे कोणीतरी विचारणारच. लंडन-स्टॉकहोममध्ये दुचाकीला माफी आहे, न्यूयॉर्कमध्ये निम्मा दर आहे. आपल्याकडे दुचाकी हे कामगाराचे वाहन आहे, आणि बस नाही म्हणून त्याने हप्त्यावर घेतलेले वाहन आहे. तिला हात लावू नये, निदान पहिल्या काही वर्षांत.

हे सारे आम्ही आमच्या बैठकीत ठरावाच्या रूपाने मांडले. बसमधले, कारखान्यातले सभासद बहुतेक अनुकूल होते. मग टेम्पोवाल्यांपैकी एकजण उठला. भिवंडीहून कापडाचे तागे काळबादेवीला नेतो. टेम्पो स्वतःचा, हप्ते अजून चालू. तो म्हणाला, "भाऊ, मी कधी जायचं ते मी ठरवत नाही. शेठ म्हणतो दहाला माल पाहिजे, की मी दहाला तिथं. मग तुमचं शुल्क कुणी भरायचं?" आम्ही सांगितले की कायद्यात असे लिहून घेऊ की शुल्क माल मागविणाऱ्यावर. तो म्हणाला, "किमान वेतनसुद्धा कायद्यात मालकावरच लिहिलंय. माझ्या क्लीनरला ते कधी मिळालं का, विचारा त्याला." सभा हसली. तो हसला नाही.

पावतीवर वाहतूकदाराचे भाडे आणि शुल्क वेगळे दाखवावे, शुल्काशिवाय माल उतरवू नये, असे दोनतीन उपाय चर्चेत निघाले. त्यांपैकी एकही त्याला पटला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही पुरता पटला नाही. रात्रीचे साडेदहा झाले होते, त्याला पहाटे माल भरायचा होता, तो उठून गेला. ठराव आम्ही त्या रात्री मताला टाकला नाही. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे आणि त्याला पहिल्या रांगेत बसवून पहिला प्रश्न त्याचाच घ्यायचा असे ठरले आहे.

अध्यक्षमहाराज, आपण दिलेला वेळ संपत आला. प्रश्नांसाठी आम्ही थांबणार आहोत. सभागृहाबाहेर ज्यांच्या मोटारी उभ्या आहेत त्यांनी आधी विचारावे, त्यांचे म्हणणे आमच्या बैठकीत सहसा ऐकायला मिळत नाही. फक्त शेवटच्या बसने जाणाऱ्यांना कृपा करून आधी वाट द्यावी.